गाडी दोन दिवस चालवणाऱ्यांचं नको, दहा वर्षं वापरणाऱ्यांचं छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांचं जे पान येतं ते मी न चुकता वाचतो आणि वाचून झालं की न चुकता चिडतो, म्हणून शेवटी हे पत्र. गेले कित्येक रविवार त्या पानावर सनरूफ, मोठी टच स्क्रीन आणि रात्री आतमधे कुठल्या रंगाची लाइट लागते एवढंच आहे. आमच्या बार्शीत एप्रिल-मेमधे पारा चाळीसच्या वर असतो, छत उघडून कोण फिरणारे? आणि लिहिणारा माणूस कंपनीने टाकी फुल करून दिलेली नवीकोरी गाडी दोन दिवस घाटात फिरवतो, फोटो काढतो आणि दहापैकी साडेआठ मार्क देऊन मोकळा. क्लच प्लेट कधी जाते, पार्ट किती दिवसांनी येतो, पावसाळ्यात दरवाजाचं रबर कसं फुगतं हे त्याला कुठून कळणार, तोपर्यंत तो पुढच्या तीन गाड्या चालवून झालेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. एखाद्याने आत्ताची गाडी का घेतली हे कळून घ्यायचं असेल तर त्याच्या आधीच्या गाड्या विचारा. आम्ही लोक नवीन गाडी घेतो ती जुनीने जो ताप दिला तो परत नको म्हणून घेतो, बाकीचं सगळं नंतर बघतो. माझं आडत दुकान आहे, तूर आणि ज्वारीच्या सीझनमधे वैराग, पांगरी, परांडा असं सारखं फिरणं असतं, त्यामुळे गाडी हा शौक कधीच नव्हता. आमच्या घरचंच सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

वडिलांची पहिली गाडी बजाज चेतक. चेतक १९७२ ला बाजारात आली आणि नंतर बरीच वर्षं तिचं वेटिंगच एवढं होतं की लोक नंबर लावून विसरून जायचे, काहींना आठ-दहा वर्षांनी पत्र यायचं की तुमचा नंबर लागला. कुणीकुणी तो नंबरच जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला विकायचे, म्हणजे गाडी न चालवताच कमाई. आजच्या पोरांना खरं वाटत नाही. तेव्हा "कुठली घेऊ" असा प्रश्नच नव्हता, मिळाली की घेतली. वडील पुढे पायात धान्याच्या सॅम्पलची पोती ठेवायचे, मागे आई, मधे मी उभा, आणि सकाळी किक लागेना की गाडी तिरकी करायची, पेट्रोल चढतं म्हणे.

नंतर आली फियाट. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला पद्मिनी कुणीच म्हणलं नाही, फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची गाडी, आणि ती कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद हे आमच्या सोलापूरचे, हे वडील गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. आमची मुंबईच्या नातेवाइकांकडून आलेली सेकंडहॅण्ड, स्टिअरिंगला गिअर, पुढची सीट सलग बाकड्याची त्यामुळे पुढेच तिघं. आता फियाट का घेतली, तर आमच्या मेस्त्रीला फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडर दोनच गाड्या खोलता यायच्या आणि अ‍ॅम्बॅसॅडर वाड्याच्या बोळात वळत नव्हती. संपला विषय. उन्हाळ्यात त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या बोनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकावं लागायचं, नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन गाडी रस्त्यात बंद पडायची. तुळजापूरला जाताना डिकीत पाण्याची कळशी असायचीच, अर्धी आपल्याला आणि अर्धी गाडीला. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर मोठा फोटो टाकला होता. मला गाडीपेक्षा ते फडकं आठवलं.

वडिलांनंतर मी घेतली मारुती ८००, ती पण सेकंडहॅण्ड. १९८३ च्या डिसेंबरमधे पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींनी दिली तेव्हा गावातले मेस्त्री म्हणत होते हा पत्र्याचा डबा आहे, दोन वर्षांत कुजेल. मला घ्यायचं कारण एकच, चावी फिरवली की चालू व्हायची आणि क्लच इतका हलका की माझी बायको महिन्याभरात शिकली. फियाटचा तो स्टिअरिंगचा गिअर टाकायला तिला दोन हात लागायचे. घरात दुसरं माणूस गाडी चालवायला लागलं की दुकानदाराचं आयुष्य केवढं सोपं होतं हे कुठल्याच टेस्ट ड्राइव्हमधे लिहिलेलं नसतं. (आजकाल तुमचे लेखक "थ्री सिलिंडर आहे, व्हायब्रेशन येतं" म्हणून नाक मुरडतात. अहो मारुती ८०० पण थ्री सिलिंडरच होती, ७९६ सीसी, आणि अख्ख्या देशाने तीस वर्षं चालवली, तेव्हा कुणाला सिलिंडर मोजायची आठवण झाली नाही.)

मग डिझेलचं युग. डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे एवढं स्वस्त की खेड्यापाड्यात फिरणाऱ्याला दुसरं काही सुचायचंच नाही. टाटांची इंडिका १९९८ ला पिंपरीतून निघाली, पुढे व्ही टू आली आणि आम्ही ती घेतली, मागे तीन मोठी माणसं खांद्याला खांदा न घासता बसायची हे तेव्हा त्या पैशात दुसरीकडे नव्हतं. सगळे म्हणले टॅक्सी घेतलीस की काय. मी म्हणलं टॅक्सीवाला घेतोय म्हणजे त्याला परवडतेय, मला अजून काय पुरावा पाहिजे? आजही मी गाडी बघायच्या आधी स्टॅण्डवर जाऊन चार ड्रायव्हरना विचारतो, ते कुणाच्या बापाला घाबरत नाहीत, सरळ सांगतात.

त्याच्यानंतरची गाडी कुठली ते लिहीत नाही, लिहिलं तर नोटीस तुम्हाला यायची. डिझेलच, चांगली ऐसपैस, मोठी डिकी, आणि खरं सांगायचं तर थोडं लोकांना दाखवायला पण. पहिली दोन-तीन वर्षं मजेत गेली. मग बोर्डवर एक पिवळा दिवा लागायला लागला, आमच्या मेस्त्रीने बोनेट उघडून बघितलं आणि म्हणला शेठ याला कॉम्प्युटर लागतो, सोलापूरला न्या. सोलापूरला गेलो की दिवा बंद असायचा, परत आलो की वैरागच्या आसपास चालू. एकदा पार्ट मागवला तर तो कुठल्यातरी गोडाऊनमधून यायला तीन आठवडे, तोपर्यंत मी ऐन तुरीच्या सीझनमधे भाड्याची जीप घेऊन फिरतोय. त्यात डिझेलचा फायदा पण हळूहळू गेला, २०१४ च्या ऑक्टोबरमधे सरकारने डिझेलचे भाव मोकळे सोडले आणि पेट्रोलमधला फरक कमी होत गेला, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक बीएस-सिक्स नियम आल्यावर बहुतेक कंपन्यांनी छोट्या गाड्यांमधलं डिझेल इंजिनच बंद केलं, मारुतीने तर सगळंच. म्हणजे ज्या कारणासाठी आम्ही पंधरा-वीस वर्षं डिझेल डिझेल करत होतो ते कारणच कुणी शिल्लक ठेवलं नाही.

आता आत्ताची गाडी. टाटा पंच, सीएनजी, गेल्या दसऱ्याला म्हणजे २०२५ ला घेतली. २२ सप्टेंबरला घटस्थापनेपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, वरचा सेस पण गेला, त्यामुळे सगळं गाव शोरूममधे होतं, पण त्यासाठी घेतली असं नाही, त्यासाठी फक्त थांबलो होतो. घेतली ती आईसाठी, मुलीसाठी आणि पोत्यांसाठी, तिघांची तीन कारणं.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. शोरूमचा मुलगा मला सारखा "सर टेस्ट ड्राइव्ह घ्या" म्हणत होता, मी म्हणलं मी कशीही चालवतो रे, माझ्या आईला मागे बसव आणि उतरव. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. आम्ही आईला घेऊन वेगवेगळ्या शोरूममधे जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांत बसवून बघितलं. काहीत ती खाली पडल्यासारखी बसायची आणि उठताना दोघांनी ओढायला लागायचं, काहीत पाय टाकायला जागा अशी अरुंद की नऊवारीचा काठ दरवाजात अडकायचा, एका ठिकाणी तर डोकंच आपटलं आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली "ही नको, ही माणसांची गाडी नाही." पंचचा दरवाजा नव्वद अंशात सताड उघडतो आणि सीट अशा उंचीला आहे की ती आधी बसते आणि मग पाय आत घेते, कुणाचा हात लागत नाही. तुमच्या पेपरात या गाडीवर अर्धं पान आलं होतं, त्यात दरवाजा किती उघडतो याबद्दल अक्षर नव्हतं, स्पीकर किती ते मात्र होतं.

मुलगी पुण्यात नोकरीला, तिची अट स्टार, म्हणजे गाडी आपटून बघतात त्या टेस्टमधले सुरक्षेचे मार्क. आमच्या पिढीने गाडीचा पत्रा ठोकून बघण्यापलीकडे काही केलं नाही. २०१४ ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाच्या गाड्या आपटून बघितल्या आणि पाचही शून्य स्टार आल्या, ते तेव्हा आमच्या घरी कुणी वाचलं पण नसेल. २०२२ मधे पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, त्यानंतर पोरीने मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला लावला, आई अजून कुरकुरते पण लावते. पंचला २०२१ च्या टेस्टमधे मोठ्या माणसांसाठी पाच स्टार होते, पण ती पेट्रोलची गाडी, सीएनजी तेव्हा आलीच नव्हती, मग सीएनजीचं काय असं विचारलं तर शोरूमचा मुलगा ब्रोशर उलटसुलट करत बसला. हे असले प्रश्न तुमच्या लेखकांनी कंपन्यांना विचारायचे असतात, आम्ही विचारून काय उपयोग.

आणि पोती. सीएनजी म्हणलं की डिकीत एक मोठा सिलिंडर आणि बॅग टपावर, हे आमच्या साडूच्या गाडीत बघितलं होतं. यात एकाच्या जागी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे टाकलेत, स्टेपनी गाडीच्या खाली, त्यामुळे वर बऱ्यापैकी जागा राहते, सॅम्पलच्या थैल्या आणि आईची घडीची खुर्ची मावते. सीएनजीच्या पंपावर रांग असते, प्रेशर कमी असलं की टाकी अर्धीच भरते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट करायला लागते, हे सगळं माहीत असून घेतली. ईव्ही पण बघितली होती, मुलाचं फार मन होतं. पण आमचं घर जुन्या पेठेत, गाडी उभी राहते दुकानासमोर रस्त्यावर, मीटर दुसऱ्या मजल्यावर, वायर काय रस्त्यावरून सोडू? ज्याच्याकडे दारात पार्किंग आहे त्याने जरूर घ्यावी, माझं काही म्हणणं नाही.

हो, मेस्त्री राहिला. गाडी ठरवायच्या आधी मी तीन गॅरेजना विचारून आलो की हिचा दिवा लागला तर तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे का. एकाकडे होता.

गाडी चांगली आहे का हे मात्र मला आत्ता विचारू नका, अजून तर सीटचा वास पण गेलेला नाही. पाच वर्षांनी विचारा.

तेव्हा विनंती अशी की त्या पानावर आठवड्याला एक तरी कॉलम वाचकांच्या गाड्यांचा ठेवा. आधीच्या गाड्या कुठल्या, विकल्या का, आत्ताची का घेतली आणि परत घ्याल का, एवढंच विचारा. पार्टला किती दिवस लागले ते विचारा. जुनी विकताना काय झालं तेही विचारा, कारण त्यातही लोक फसतात, आमच्या ओळखीच्या एकाने फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून गाडी एजंटला दिली, आरसी नावावरून उतरली की नाही ते बघितलंच नाही आणि आता पुण्यातली चलनं याच्या मोबाइलवर येतात. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो, नवीन गाडीच्या विम्यात तो मागून घ्यायचा, हे शोरूमवाला आपणहून सांगेलच असं नाही, मी मागितला तेव्हा मिळाला.

पत्रं सगळीकडून मागवा पण पुण्या-मुंबईचीच छापू नका, एमएच १३, २४, २५ म्हणजे सोलापूर, लातूर, धाराशिववाल्यांचे रस्ते वेगळे आणि गॅरेज पण वेगळी. आणि सुरुवात टॅक्सीवाल्यांपासून करा. त्यांच्या मीटरवर दोन-दोन, तीन-तीन लाख किलोमीटर असतात आणि त्यांना कुणी दोन दिवस गाडी फुकट दिलेली नसते. लिहायला वेळ नाही म्हणाले तर तुमचा वार्ताहर बार्शीच्या एसटी स्टॅण्डबाहेर दुपारी तीनला पाठवा, तेव्हा सगळे मोकळे असतात, चहा मी सांगतो.

आपला,
एक आडत दुकानदार, बार्शी