चोचीचे एकच जनुक नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फिंच या छोट्या पक्ष्यांविषयी ‘चोचीचे जनुक’ असे, जणू एकच जनुक चोच ठरवते अशा थाटात, वाचले आणि पुन्हा खडू हातात घ्यावासा वाटला. चोचीची जाडी एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुकांचा कमी-अधिक वाटा असतो. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहाच्या डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपत आल्या, उरले टणक सराटे. आपल्या माळावरच्या सराट्याचेच भाऊबंद! (चपलेत रुतलेला सराटा मी पक्कडीने फोडून पाहिलाय, दोनदा निसटला.) जाड चोचीचे फिंच जास्त तगले, बाकीचे बहुतेक मेले. तिथे या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने पुढच्या पिढीच्या चोची मोजल्या, तर सरासरी मिलिमीटरच्या अंशानेच सरकलेली. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया माजल्या आणि नैसर्गिक निवड उलटी फिरली, आता बारीक चोचीचे जास्त तगले. बारीक चोचीकडे नेणारी जनुके थव्यात शिल्लक होतीच ना!

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, फलटण