बाबांचा खडा आणि बीपीची वही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, शॉकवेव्हने (बाहेरून धक्के देऊन) मुतखडा फोडला म्हणून पुढे बीपी लागतं का, हे तुम्ही विचारलंत. संशय आहे, पण ठाम पुरावा नाही. धक्के खड्यावर नेमलेले असले तरी आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या थोड्या फाटतात. सुरुवातीला लघवी लाल होते ती त्यामुळेच. तिथे व्रण राहिला तर किडनी रेनिन नावाचं द्रव्य जास्त सोडू शकते, आणि रेनिन बीपी चढवतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८५ साली उपचार घेतलेल्यांना १९ वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांच्यात बीपी जास्त आढळलं, विशेषतः दोन्ही किडन्यांवर धक्के घेतलेल्यांत. पुढे तिथल्याच व्यापक पाहणीत मात्र तसा संबंध दिसला नाही. शिवाय ज्यांना खडे होतात त्यांच्यात बीपी मुळातच जास्त आढळतं. मग दोष खड्याचा की धक्क्यांचा?

म्हणून घाबरायचं नाही, मोजायचं.

आई, हे तुझ्याकडे. दंडावर बांधायचंच मशीन वापर, मनगटावरचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू बंद, लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. पट्टा घट्ट होत असेल तर मोठा आण, लहान पट्टा आकडा खोटा चढवतो. सकाळी गोळीआधी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस वहीत लिही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढ. १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायचं. १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोज. तरी तेवढंच असेल, किंवा छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, तर वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा.

पुन्हा धक्के घ्यायची वेळ आली तर आधी बीपी आटोक्यात हवं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायचं (स्वतःहून बंद करायच्या नाहीत). नाहीतर किडनीभोवती रक्त साचू शकतं. घरी आल्यावर कुशीत कळ वाढत गेली, चक्कर आली, तर खडा निघतोय असं समजून बसू नका. मिनिटाला ६० धक्के आणि जोर हळूहळू वाढवत न्यायचा, हे विचारायला लाजू नका. घाईत खडाही नीट फुटत नाही.

दुखलं की डायक्लोफेनॅक, हे बाबांनी सोडावं. ती बीपीही चढवते आणि किडनीवरही भार टाकते.

मीठ दोन्हीकडून मारतं: बीपी वाढतं आणि लघवीत कॅल्शियमही. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, त्यातच लोणचं, पापड, सांडगी मिरची आलं. सावजी महिन्यातून एकदा, आणि रस्सा ताटात राहिला तरी चालेल. आपल्याकडे पारा ४५ ला जातो तेव्हा सरबतात मीठ नको, नुसतं लिंबू. पाणी किती प्यायलात यापेक्षा लघवी दिवसाला अडीच लिटर होते का ते बघा. हृदयाच्या डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

किडनी नीट चालते का ते कळायला वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. जाताना वहीबरोबर मशीनही न्या, दवाखान्यातल्या मशीनशी ताडून घेता येईल.

तुमची लेक