मुरमाड माळावर ट्रॅक बांधू देणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्यांस,
सादर नमस्कार.

यंदा नवोदितांच्या गटात मी मोटोक्रॉसची, म्हणजे उंचवटे आणि वळणे असलेल्या मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून ‘सोलापुरात राहून हा खेळ शिकलीस तरी कुठे?’ असे मला अनेकजण विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या माळाशिवाय देता येत नाही. म्हणून आपले आभार घरी येऊन मानले असले तरी ते सर्वांसमोर मानावेत, असे मनापासून वाटले.

मोटोक्रॉसची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. तिला हेडलाइट नसतो, आरसे नसतात, नंबर प्लेट नसते; सरावाला न्यायची तर टेम्पोत दोरांनी आवळून न्यावी लागते. त्यामुळे गाडी मिळाली, हेल्मेट मिळाले, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा स्पर्धा परवाना काढायचेही ठरले, तरी उतरायला जागा नसेल तर या खेळात पाऊल टाकता येत नाही. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटरवर. वडील चादरीच्या कारखान्यात कामाला असताना दर आठवड्याला टेम्पो करून पुणे गाठणे आमच्या घराला झेपणारे नव्हते. जानेवारी 2024 मध्ये पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस (स्टेडियमच्या आत माती टाकून घेतले जाणारे मोटोक्रॉस) लीगची फेरी झाली, ती मी प्रेक्षकांत बसून पाहिली. परदेशी रायडर लागोपाठच्या उंचवट्यांवरून ज्या सहजतेने जात होते, ती सहजता रोजच्या सरावाची होती, आणि तोच सराव मला कुठेही मिळत नव्हता.

त्यानंतर वडील मला घेऊन आपल्याकडे आले. मुलीने हा खेळ का खेळावा, असे आपण विचारले नाही. हेल्मेट, मानेचा पट्टा, छातीचे कवच आणि गुडघ्यांची पॅड आपण हातात घेऊन नीट पाहिली आणि मग तीनच अटी घातल्या : पेरलेल्या रानाच्या बांधाला चाक लागायचे नाही, एकटीने गाडी सुरू करायची नाही आणि दवाखान्यात न्यायला एक वाहन कायम उभे असले पाहिजे. भाड्याचा विषय वडिलांनी काढला, तो आपण तिथेच थांबवला. त्या अटींमुळे आई निर्धास्त झाली, हे मी आपणांस आजवर सांगितले नव्हते.

पण जागा देऊन आपण थांबला असता, तर हे पत्र एवढे लांबले नसते. मोटोक्रॉस हा मुळात मातीचा खेळ आहे, आणि माती आपल्याइतकी कळणारा माणूस मला कोणत्याही ट्रॅकवर भेटलेला नाही. खालच्या काळ्या रानात ट्रॅक करू नये, पावसात ती माती चाकाला लिंपते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, असे सांगून आपण वरचा मुरमाड माळ निवडून दिला. वळणावर मातीचा जो उंच काठ लागतो, ज्याला टेकून गाडी वेगात फिरवता येते, तो आपण शेताला ताल घालावी तसा थर देत, पाणी मारत, चोपून बांधून घेतला. आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मारायचे आणि सकाळी मूठभर माती दाबून पाहायची. गोळा झाला आणि टिचकीसरशी फुटला, तर वाफसा आला, आता गाडी काढा, असे आपण म्हणायचा. अशा मातीत टायरचे दात रुततात, पकड मिळते आणि पुढच्याच्या धुळीने डोळे भरत नाहीत. स्पर्धेच्या ट्रॅकवर जाऊन माती कुठे भुसभुशीत आणि कुठे घट्ट आहे, हे मी आज चालत फिरून ओळखते, ते आपल्यामुळे.

पहिली उडी आपण बांधून दिली ती टेबलटॉपची : चढ, वर सपाटी आणि पलीकडे उतार. शिकणाऱ्यासाठी हीच योग्य, कारण उडी तोकडी पडली तरी गाडी खड्ड्यात न जाता सपाटीवर टेकते. त्या टेबलटॉपवर मी उभ्याने गाडी चालवायला, गुडघ्यांनी टाकी आवळायला आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता लांब ठेवायला शिकले. गाडी हवेत असताना मागचा ब्रेक दाबला की तिचे नाक खाली येते आणि एक्सलेटर पिळला की वर जाते, हे ऐकून पटत नाही. शंभर किलोच्या आसपासची गाडी अंगाखाली तशी वागते, तेव्हाच ते अंगात मुरते. त्यासाठी पुन्हापुन्हा त्याच उडीवर जावे लागते आणि ते आपल्या माळावरच शक्य झाले. सराव संपल्यावर एअर फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवेपर्यंत काकूंनी दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी हीही या शिक्षणातली मोठी मदत होती, हे आवर्जून नोंदवते.

बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी 2019 मध्ये एफआयएम या जागतिक मोटारसायकल महासंघाचा महिला बाहा (मोकळ्या, खडतर प्रदेशातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती) विश्वचषक जिंकला. त्यांचा प्रकार वेगळा असला, तरी ती बातमी वाचूनच मी या वाटेकडे वळले. जागतिक मोटोक्रॉसमध्ये एकेक शर्यत तीस मिनिटे आणि वर ट्रॅकच्या दोन फेऱ्या चालते. तेवढा वेळ मनगटे आणि दंड टिकवणे मला अजून जमवायचे आहे. आता आणखी काही मुले सरावाला येऊ इच्छितात. त्यांच्या पालकांना घेऊन मी येईन आणि आपल्या तिन्ही अटी त्यांना आपल्यासमोरच वाचून दाखवीन.

परतीच्या पावसाने मोठ्या वळणाचा काठ खचला आहे आणि टेबलटॉपचा उतार वाहून गेला आहे. ज्वारीची पेरणी उरकल्यावर आपल्या सवडीने दिवस सांगावा. मुरूम आणि टँकरचा खर्च या वेळी आम्ही करणार आहोत, त्याला कृपया नाही म्हणू नये.

आपली कृतज्ञ,
सोलापूरची एक मोटोक्रॉस रायडर