'नाही' कुठे गेलं?

संपादक महोदय,

संगणक हजारो शोधनिबंध वाचून त्यांतली माहिती वेगळी काढून देतो, हे आपल्या विज्ञान पुरवणीत वाचलं. मी या कामात सहा वर्षं घालवली आहेत. लेखात एक गोष्ट राहून गेली, म्हणून हे पत्र.

माझं काम खुणा करण्याचं. औषधांवरच्या निबंधांचे सारांश समोर यायचे. औषधाच्या नावावर एका रंगाची खूण, आजाराच्या नावावर दुसऱ्या रंगाची, आणि दोघांचं नातं काय ते नोंदवायचं: बरं करतं, बिघडवतं, की काहीच करत नाही. तेच वाक्य एक सहकारी माझ्या खुणा न बघता तपासायची, आणि आमचं जुळलं नाही तर ते तिसऱ्याकडे जायचं. अशा वाक्यांवर प्रोग्रॅम शिकतो आणि मग कधी न पाहिलेल्या लाखो वाक्यांत तीच नाती शोधत सुटतो.

एकदा त्याने काढलेल्या यादीत एका नेहमीच्या गोळीसमोर 'यकृताला इजा करते' असं आलं. मला पटेना. मूळ वाक्य उघडलं, तर त्याचा अर्थ होता, 'या गोळीने यकृताला इजा होते याचा पुरावा मिळाला नाही.' मराठीत 'नाही' शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत आपण थांबतो. या इंग्रजी वाक्यात 'नो' सुरुवातीलाच येऊन गेला होता. मग रुग्णांची संख्या, डोस, कालावधी, आणि पार शेवटी गोळी आणि इजा एकमेकांना खेटून. प्रोग्रॅमने खेटलेले शब्द तेवढे उचलले. यादीत वाक्याचा रकाना होता म्हणून चूक दोन मिनिटांत सापडली. पुढे तीच यादी दुसऱ्या कामाला देताना सुटसुटीत व्हावी म्हणून तो रकाना काढून टाकला. मी विरोध केला, पण कोणी ऐकलं नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

आताच्या भाषा-मॉडेलना, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकलेल्या प्रोग्रॅमना, 'नाही' पुष्कळ चांगलं कळतं. पण 'शक्यता दिसते', 'उंदरांमध्ये', 'जास्त डोस दिल्यावर' असले शब्द सारांशात अजूनही गळतात, आणि संशोधकाची सगळी सावधगिरी त्याच शब्दांत असते.

हे काम बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. वैद्यकीय निबंधांच्या पबमेड या सूचीत आज साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत, कोण माणूस पुरा पडणार? आणि विखुरलेले निबंध जोडले तर काय हाती लागतं, त्याचं हे एक उदाहरण. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन हे माहितीशास्त्राचे अभ्यासक. थंडीत बोटांचा रक्तप्रवाह आखडतो त्या रेनॉ विकारात रक्त दाट होतं, असं काही निबंध सांगत होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असं दुसरे निबंध सांगत होते. दोन्हीकडचे लोक एकमेकांचं वाचतच नव्हते. स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये ते जोडून दाखवलं, आणि नंतर रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत त्याला आधारही मिळाला. १९८८ मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांचा संबंध असाच मांडला. छापून पडून राहिलेलं ज्ञान असं हाती येताना पाहिलं की मला आजही भरून येतं. पण त्यांच्या मांडणीत प्रत्येक दुवा कोणत्या निबंधातला, हे वाचणाऱ्याला उघडून बघता येत होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंत्राने काढलेल्या प्रत्येक निष्कर्षाला त्याचं मूळ वाक्य, निबंधाचं नाव आणि तो निबंध नंतर मागे घेतला गेला आहे का, एवढं चिकटवलेलं हवं. ते नसेल तर ती नोंद औषधांच्या कामात वापरूच नये.

आणि आपणही पुरवणीत 'संगणकाने शोधून काढलं' अशी बातमी पुढच्या वेळी छापाल, तेव्हा तिच्याखाली ते मूळ वाक्य मराठीत छापावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक