तार मुद्दामच केली नाही

बर्विन, शिकागोजवळ
1 सप्टेंबर 1968

ती. बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी हे, की मी सुखरूप आहे. शिकागोचे फोटो तुमच्या पेपरात आले असतील, म्हणून तार करावी असं मनात आलं होतं. पण तारवाला दारात दिसला की आईचे हातपाय गळतात. डिसेंबरात कोयनेच्या भूकंपानंतर तुमची तार आली तेव्हा माझेही गळाले होते. म्हणून मुद्दामच केली नाही.

मारहाण झाली ती हिल्टन हॉटेलासमोर, 28 तारखेला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्या रात्री हम्फ्रींना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, आणि बाहेर व्हिएतनामच्या लढाईविरुद्ध जमलेल्या पोरांना पोलिसांनी झोडपून काढलं. मी तिथून नऊ-दहा मैल लांब राहतो. बाबा, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले तेव्हा ‘परत ये’ म्हणून लिहिलंत, पण शिक्षण अर्धवट टाकून येऊ कसा? आणि आई, शिकायला आलेल्या परदेशी मुलांना इथे लढाईवर नेत नाहीत. नक्की नाही.

इथली जेवायची एक रीत मात्र सांगायलाच हवी. दुकानात ॲल्युमिनियमचं कप्प्याकप्प्यांचं ताट मिळतं, सगळा स्वयंपाक आतच गोठवलेला. एका कप्प्यात कोंबडी (ती मी घरमालकीणबाईंना देतो), एकात मटार, एकात बटाट्याचा लगदा. भट्टीत अर्धा तास ठेवायचं, मग प्रत्येकाने आपापलं घडीचं मेज उघडून टीव्हीकडे तोंड करून बसायचं. कोणी कोणाच्या समोर नाही. ‘अजून वाढू का?’ हा प्रश्नच नाही, कारण वाढायला काही नसतंच. जेवण झालं की ताट केरात.

घरमालकीणबाईंचं माहेर प्रागचं. 21 तारखेपासून तिथल्या रस्त्यांवर रशियाचे रणगाडे आहेत, आणि भावाचं पत्र नाही. संयुक्त राष्ट्रसंघात रशियाच्या निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मला मान वर करवेना. बुधवारी मारहाण दाखवत होते तेव्हा त्या ताट तसंच ठेवून उठल्या आणि बाहेरची टपालपेटी उघडून आल्या. रात्री कुठलं टपाल? आणि मी तुम्हाला पाच आठवडे लिहिलं नव्हतं.

एक लपवत नाही. गुरुवारी ड्राफ्ट काढायला शहरात गेलो तेव्हा हिल्टनवरून गेलो. सगळं शांत होतं, डोळे थोडे चुरचुरले, एवढंच. बंदूक घेऊन उभा असलेला शिपाई आपल्या बेबीच्या वयाचा असेल. ओठ सुकले होते त्याचे.

सोबत 40 डॉलरचा ड्राफ्ट आहे, म्हणजे 300 रुपये. बेबीच्या लग्नाला कमीच आहेत, दिवाळीआधी आणखी पाठवतो. तिकिटाचं कर्ज अजून फिटलं नाही, त्यामुळे लग्नाला येणं जमणार नाही. तिला तुम्हीच सांगा, मला लिहवत नाही. सांगलीच्या स्थळाला नाही म्हणू नका, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा म्हणावं.

यंदा आरतीला झांज कोणी धरली ते कळवा.

आपला,
बाळू