नुसता आकडा पाठव

नगर,
मंगळवार, रात्री

प्रिय सुवी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

विनय पहाटेच्या गाडीने निघतोय, त्याच्याजवळ डबा आणि हे पत्र देतोय. फोनवर मला बोलायला जमत नाही. फोन लागला की मी ‘ताप आहे का’ विचारतो, तू ‘नाही’ म्हणतेस, तेवढ्यात मम्मी फोन ओढून घेते. म्हणून लिहायला बसलो. आणि पत्रात तापाचं काही विचारायचं नाही असं ठरवलंय.

रविवारी तू म्हणालीस, ‘पप्पा, प्रार्थनेला डोळे मिटले की आत काहीच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. माझं तारण गेलं का?’ मी लगेच योहानाच्या दहाव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन म्हणून दाखवलं, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही, ते. तू ‘हो’ म्हणालीस. तो ‘हो’ मी ओळखतो. नदीवर जाऊ नको म्हटलं की लहानपणी असाच ‘हो’ म्हणायचीस आणि संध्याकाळी ओल्या फ्रॉकने घरी यायचीस.

आधी तुझ्यासाठी प्रार्थना करायला आलेल्या त्या लोकांबद्दल. त्यांना तुझ्याकडे मीच पाठवलं होतं. माणसं वाईट नाहीत, तुझ्यासाठी उपास धरून आली होती. पण त्यांच्यातल्या एकीने तुझ्या डोक्यावर हात ठेवून ‘काही दडवलेलं पाप असेल तर कबूल कर, विश्वास पुरा असेल तर गाठ राहणार नाही’ असं म्हटलं आणि तू उठून दार उघडून उभी राहिलीस. त्या रात्री मी रागावलो ते तुलाच. वडीलधाऱ्यांची माफी माग, म्हणालो. ईयोबावर मी आजवर तीनदा संदेश दिलाय. मित्र आले, सात दिवस गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला, हे माझं ठरलेलं वाक्य, त्यावर मंडळी हसते. शेवटी देव रागावतो तो अलीफजावर आणि त्याच्या जोडीदारांवर, ईयोबावर नाही. हे सगळं तोंडपाठ, आणि घरात वेळ आली तेव्हा अलीफज मीच झालो. माफी मी मागतो. त्या बाईंनाही मी कळवलंय की पुन्हा यायचं तर स्वयंपाक करायला या.

जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो, यानंही नाही, आईबापांनीही नाही. ‘आईबापांनीही’ या शब्दाशी मी हल्ली रात्री अडतो. सुमनआत्यालाही तेच झालं होतं. तिचं आणि माझं रक्त एक. डॉक्टरांनी घरात कोणाला होतं का विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, मुद्दाम पाहिलं नाहीस, ते मला कळलं.

केमोच्या डोसानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशींचा काउंट सगळ्यात खाली जातो. आज तुझा नववा. हे फक्त आठवण म्हणून लिहिलं.

तारणाच्या खात्रीबद्दल मी तुम्हां दोघांना फार चुकीचं शिकवलं की काय, असं वाटायला लागलंय. आपल्याकडे उज्जीवन सभेत लोक साक्ष देतात, अमुक तारखेला, अमुक गावी, अमुक वाजता माझं तारण झालं. तू बारा-तेरा वर्षांची असताना विचारलं होतंस, ‘पप्पा, तुमची तारीख कोणती?’ मी मे महिन्यातली एक सांगितली. खोटी होती गं. तरुणपणी तंबूत सगळे तारखा सांगत होते, माझी पाळी आली, मी एक ठोकून दिली, आणि मग चाळीस वर्षं तीच चालवली. मला तारीख नाही. मिशन कंपाउंडात जन्मलो, तिथेच वाढलो, केव्हा काय झालं मला सांगता यायचं नाही. पंडिता रमाबाईंचं मी संदेशात नेहमी सांगायचो, बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला आणि पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. गोष्ट खरी आहे, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीय. पण मी ती लोकांना घाबरवायला वापरली. तुझ्या पोटातली भीती बहुधा तिथलीच.

रमाबाईंवरून आजी आठवली, म्हणजे माझी आजी, तुझी पणजी. तू तिला पाहिलं नाहीस. प्लेगात आईबाप गेले आणि ती केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनात आली, हे तुला माहीत आहे. तिथल्या छापखान्यात ती खिळे जुळवायची. बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबल तिथेच, मुलींच्या हातून छापलं जात होतं. अक्षरं उलटी वाचायची सवय तिला इतकी लागली होती की वडाळ्याच्या घरी आरशात दिसणारी कॅलेंडरवरची वचनं ती आरशातूनच वाचायची आणि आम्ही पोरं चकित व्हायचो. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंची एकुलती एक लेक. आजी सांगायची, प्रुफं काही थांबली नाहीत. पुढच्या एप्रिलात बाई स्वतः गेल्या. बायबल पुरं छापून बाहेर यायला 1924 उजाडलं. मी लहानपणी हे शौर्याची गोष्ट म्हणून ऐकलं. आता वाटतं, लेक गेल्यावर त्या बाईनं प्रुफाचा कागद हातात धरला कसा असेल?

भरकटलो. सांगायचं होतं ते 1970 चं. आजीचं शेवटचं दुखणं. मी चौदा वर्षांचा, पंख्याला वीज नसायची म्हणून वारा घालायला मला बसवलेलं. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले. साधा माणूस, संदेशाला उभे राहिले की अर्धी मंडळी पेंगायची. आजी त्यांना म्हणाली, ‘साहेब, मला आता देवाचं काही वाटत नाही. आनंद नाही, रडू नाही. येशूचं नाव घेते तर कोरडं कोरडं वाटतं. असं चालेल का?’ ज्या बाईच्या हातांनी वचनाचा अक्षर न् अक्षर खिळा उचलला, ती हे विचारत होती. मी वारा घालायचा थांबलो. मला वाटलं, आता साहेब बायबल उघडतील. त्यांनी उघडलं नाही. थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, ‘चालेल, बाई.’ मग भाकर मोडून तिच्या जिभेवर ठेवली, काकूने आणलेला चहा बशीत ओतून प्यायले, आणि सायकलवरून गेले. आजी त्यानंतर सहा दिवसांनी गेली. त्या सहा दिवसांत तिला काही उजेडबिजेड दिसला नाही. मी तिथेच होतो. ती कोरडीच गेली, आणि ती प्रभूजवळ आहे याबद्दल मला आजवर एकदाही शंका आली नाही. स्वतःबद्दल शेकडो वेळा आली.

रविवारी मी तुला हे सांगायला हवं होतं. वचन म्हणून दाखवण्यापेक्षा नुसतं ‘चालेल’ म्हणायला हवं होतं.

पौल रोमकरांस लिहितो की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी मागतो. शब्द नाहीत, कण्हणं. डोसाच्या तिसऱ्या दिवशी तू बाथरूममध्ये बादली धरून बसलेली असताना मी दाराबाहेर उभा होतो. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच, नाहीतर नको वाचूस, ते अंधारातच संपतं, शेवटी ‘तरी मी तुझे स्तवन करीन’ वगैरे काही येत नाही. तरी कोणी ते बायबलातून काढून टाकलं नाही. वाटण्याचं आणि असण्याचं तापासारखंच आहे, कपाळाला हात लावून गरम वाटत नाही, पण थर्मामीटर... झालं, दृष्टांत सुरू झाला. माफ कर. आडतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर आणि रविवारी बदली संदेशक, माणूस बिघडतो.

पण विषय निघालाच आहे तर ऐक. हातानं बघू नकोस, थर्मामीटरनं बघ. सकाळी आणि संध्याकाळी. 100.4 किंवा त्याच्या वर गेला की रात्रीचे दोन का असेनात, सरळ दवाखाना. आधी पॅरासिटामॉल घेऊ नकोस, ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन कळत नाही. डब्यात मम्मीने कोशिंबीर द्यायचा हट्ट धरला होता, मी काढून ठेवली, कच्चं काही नको. ती माझ्याशी बोलत नाहीये.

विनय म्हणाला, केस गळायला लागले तेव्हा तू स्वतःच मशीन फिरवलंस आणि एझराकडून मागचं राहिलेलं करून घेतलंस, तो हसत होता. मी हे वाचनालयात चार जणांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. सांगून झाल्यावर सायकल स्टँडमागे जाऊन उभा राहिलो.

मला बरी झालेली सुवी हवी आहे. मी रोज तेच मागतो, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शेवटचं वाक्य मला हल्ली नीट म्हणता येत नाही, मी ते पुटपुटतो. तेही चालत असावं.

प्रार्थना जमत नसेल तर करू नकोस, आम्ही दोघं करतोय. पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, हात दुखतो ना सुईचा. सकाळ-संध्याकाळ नुसता आकडा पाठव.

तुझा,
पप्पा

ता. क. थर्मामीटरची जुनी बॅटरी गेली असेल म्हणून नवा डब्याच्या पिशवीत, रुमालात गुंडाळून ठेवलाय. दोन आहेत. दुसरा एझरासाठी नाही, पहिला चुकीचा दाखवत असेल तर म्हणून.