आयसीयूतली सोनोग्राफी रेडिओलॉजीच्या खोलीत अडकू नये

संपादक महोदय,

मी तालुक्याच्या गावात छोटा आयसीयू चालवतो. मध्यंतरी रात्री अडीचला एक आजोबा आले, धाप लागलेली, बाहेरून न्यूमोनिया म्हणून सलाईन लावूनच पाठवलेलं. स्टेथोस्कोपने काही ठरत नव्हतं म्हणून कॉटपाशीच छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला, तर दोन्ही बाजूंना वरून खाली उतरणारे पांढरे पट्टे (म्हणजे फुप्फुसात पाणी) आणि हार्ट जेमतेम हलतंय. सलाईन बंद केलं, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दिलं, मास्क लावला, सकाळी आजोबा चहा मागायला लागले. ते सलाईन रात्रभर चालू राहिलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

माझी स्वतःची चूकही सांगतो. पूर्वी हे मशीन नव्हतं तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या एका पोराच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा भरलेली, एक्सरे मला नॉर्मल वाटला, कारण पेशंट उताणा असला की ती हवा पुढच्या बाजूला जमते आणि फोटोत सहज चुकते. प्रोब ठेवला असता तर फुप्फुस श्वासाबरोबर सरकत नाहीये हे मिनिटभरात कळलं असतं. फ्रान्सचे डॉ. लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये धाप लागलेल्या २६० आयसीयू पेशंटवर हेच करून पाहिलं, ९०.५ टक्के वेळा निदान बरोबर आलं. अर्थात शिकलेला हात हवा, न्यूमोनियातही तसले पट्टे दिसतात, नवखा माणूस हमखास फसतो.

अडचण अशी की आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की आधी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा. १९९४ चा हा कायदा हवाच, त्याआधी १९८८ ला महाराष्ट्रानेच देशात पहिला असा कायदा केला होता आणि मुली का मारल्या जात होत्या ते आम्ही डॉक्टरांनी विसरू नये. पण कागदाच्या भीतीने कितीतरी ठिकाणी मशीन रेडिओलॉजीच्या खोलीत कुलपात असतं आणि आयसीयूतला पेशंट व्हेंटिलेटरसकट तिथवर नेता येत नाही, रात्री तर चावीवालाही घरी गेलेला असतो!

आरोग्य खात्याने आयसीयूच्या मशीनसाठी साध्या मराठीत एक पानभर नियम काढावेत: कोणी वापरायचं, किती ट्रेनिंग, नोंद कुठे ठेवायची. तपासणीला या, रजिस्टर बघा, आमची ना नाही, फक्त मशीन कॉटपाशी राहू द्या.

एक आयसीयू डॉक्टर